फाटकाबाहेरचा कामगार आणि पक्षाचे काम

(कोल्हापूर येथे डाव्या पक्षांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

कॉम्रेड्स आणि मित्रहो,

1928 साली मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला आणि लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली, तेव्हा कामगाराला गाठायचे कुठे हा प्रश्न कार्यकर्त्यांपुढे नव्हता. भोंगा झाला की हजारो माणसे एका फाटकातून आत जात आणि पाळी सुटली की त्याच फाटकातून बाहेर पडत. संध्याकाळी तीच माणसे गिरणगावातल्या चाळीत, खानावळीत आणि व्यायामशाळेत भेटत. मालक एक, फाटक एक, वस्ती एक, आणि बहुतेकांचे गावही कोकणातले किंवा घाटावरचे. आपल्या कोल्हापुरात 1906 साली स्थापन झालेल्या शाहू मिलच्या परिसरातही लहान प्रमाणावर असेच चित्र होते. आपली सभा, आपले पत्रक, आपली फाटकावरची भाषणे, आपल्या शाखांची रचना हे सगळे त्या चित्राला धरून घडले. शाहू मिल बंद पडून दोन दशके उलटली, तरी आपल्या कामाची घडी मात्र तीच आहे.

आज या जिल्ह्यात कामगार कमी झालेला नाही, उलट वाढला आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्या आणि मशीनशॉप, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचे चांदीकाम, साखर कारखाने आणि त्यांच्या फडात येणाऱ्या तोडणी टोळ्या, गवंडी आणि सेंट्रिंगवाले, घरकाम करणाऱ्या बायका, आशा आणि अंगणवाडीच्या कर्मचारी, मोबाइलवरच्या ॲपच्या हुकुमाने शहरभर धावणारी मुले. यांपैकी किती जणांना एक मालक आणि एक फाटक आहे? फार थोड्यांना. आपण जुन्या पत्त्यावर पत्रे टाकत राहिलो आणि उत्तर येत नाही म्हणून माणसे बदलली, असा निष्कर्ष काढला. माझ्या मते माणसांच्या गरजा फारशा बदललेल्या नाहीत. त्यांच्या कामाची रचना बदलली, आणि ती आपण नीट अभ्यासलेली नाही.

म्हणून पहिले काम विचारण्याचे आहे. 1880 साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, मार्क्सने फ्रान्समधल्या कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. एवढे मोठे सैद्धांतिक काम केलेला माणूस त्या वयात कामगाराला विचारतो की तुमच्या कारखान्यात हवा आणि उजेड कसा आहे, अपघात झाला तर मालक काय देतो, मजुरी किती दिवसांनी मिळते, आणि ती हाती येईपर्यंत तुम्ही दुकानदाराकडून उधारीवर जगता काय. या प्रश्नांची उत्तरे कामगाराखेरीज कोणीही देऊ शकत नाही, ही त्याची भूमिका होती. आपल्या जिल्ह्यातल्या एका तरी शाखेने आपल्या भागातल्या कामाची अशी पाहणी गेल्या काही वर्षांत केली आहे काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या बैठकीत मांडावा.

फाउंड्रीचे उदाहरण घेऊ, कारण या शहराची भाकरी तिच्यावर चालते. मोल्डिंग, भट्टी आणि ग्राइंडिंग ही सर्वांत कष्टाची आणि धोक्याची कामे आज मोठ्या प्रमाणावर ठेक्यावरच्या माणसांकडून होतात, आणि त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले तरुण पुष्कळ आहेत. कायम कामगारांची युनियन असलीच तर तिचा करार कायम कामगारांपुरता होतो. ठेकेदार बदलला की कागदावर जुनी नोकरी संपते आणि नवी सुरू होते. यंत्र तेच, माणूस तोच, पण सलग पाच वर्षे सेवा झाली असे दाखवणारा कागद त्याच्याजवळ कधीच नसतो, मग ग्रॅच्युइटी कोठून मिळणार? अशा कामगाराला फाटकावर पत्रक दिले तर तो ते घडी करून खिशात ठेवतो आणि चालू लागतो, कारण सुपरवायझर पाहत असतो. त्याला भेटायचे असेल तर शिरोली, नागाव, टोप या गावांत जिथे एका खोलीत पाच-सहा जण राहतात तिथे, रात्री जेवणे झाल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी, आणि हिंदीतून बोलावे लागेल. त्याच्याशी पहिल्याच दिवशी साम्राज्यवादावर बोलू नये. त्याला विचारावे, तुझा पगार बँकेत येतो तर एटीएम कार्ड कोणाकडे असते? भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तुझा आहे की ठेकेदाराच्या माणसाचा? हा दुसरा प्रश्न विचारला की खोलीतले सगळे मोबाइल बाहेर निघतात. एकाचा नंबर बरोबर असतो, दुसऱ्याचा भलत्याचाच, तिसऱ्याचे पैसे पगारातून कापलेले दिसतात पण खात्यात भरलेले दिसत नाहीत. त्या रात्री तिथे जी चर्चा होते ती वरकड मूल्यावरचीच, म्हणजे कामगाराने निर्माण केलेल्या पण मजुरीत त्याला न मिळालेल्या मूल्यावरचीच, चर्चा असते, फक्त ती आकड्यांपासून सुरू होते आणि त्या आकड्यांचा मालक समोर बसलेला असतो.

आता ज्या क्षेत्रात आपली ताकद खरोखर आहे त्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण तिथेच आपली परीक्षा आहे. बांधकाम कामगारांची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी लाल बावट्याच्या संघटनांनी या जिल्ह्यात जिद्दीने केली. अर्ज भरणे, वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मिळवणे, दरवर्षी नूतनीकरण करणे, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी हेलपाटे घालणे, हे सगळे कार्यकर्त्यांनी केले आणि हजारो घरांत त्याचा आधार झाला. पण आज रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारा की हा भांड्यांचा संच तुम्हाला कोण देते. ती सांगेल, सरकार देते. कोणी पुढाऱ्याचे नाव घेईल, कारण वाटपाच्या मांडवात फलक त्याचाच असतो. काही जणांसाठी तर युनियन म्हणजे फॉर्म भरून देणारे एक ऑफिस, आणि शेजारच्या गल्लीतला एजंट पैसे घेऊन तेच काम लवकर करत असेल तर तो जास्त बरा.

वस्तुस्थिती काय आहे? 1980 च्या दशकापासून देशभरातल्या बांधकाम कामगार संघटनांनी मोहीम चालवली, मोर्चे काढले, संसदेकडे निवेदने दिली, आणि 1996 साली कायदा झाला. त्यानुसार बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो. म्हणजे ती भांडी, ती सुरक्षा पेटी, ती शिष्यवृत्ती कोणाच्या मेहेरबानीतून आलेली नाही. इमारत उभी करणाऱ्याच्या श्रमातून निर्माण झालेल्या मूल्याचा तो लहानसा परत मिळवलेला हिस्सा आहे. ही गोष्ट सांगायला पाच मिनिटे लागतात. आपल्या कार्यालयातल्या रांगेत माणसे तासन्‌तास उभी असतात आणि ती पाच मिनिटे आपण वापरत नाही, हे मला फार लागते. मार्गदर्शन म्हणजे व्यासपीठावरून दिलेला आदेश, असे मी मानत नाही. कामगाराच्या हातात जी वस्तू आधीच आहे, पगाराची पावती, मंडळाचे कार्ड, रेशनकार्ड, तिच्या मागचा कायदा, कायद्यामागचा लढा आणि लढ्यामागचा वर्गसंबंध त्याला दिसू लागेल अशी मांडणी करणे, हे पक्षाचे खास काम आहे. फॉर्म कोणीही भरेल, हे दुसरे काम दुसरे कोणी करणार नाही.

याच ठिकाणी कायद्यांचा उल्लेख आवश्यक आहे. केंद्र सरकारने जुने कामगार कायदे गुंडाळून केलेल्या चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. पूर्वी शंभर कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपात करण्यासाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागत असे, आता ती मर्यादा तीनशे झाली. संपाआधी किमान चौदा दिवसांची नोटीस सर्व उद्योगांना सक्तीची झाली. आपल्या भागातल्या बहुतेक कारखान्यांत तीनशे माणसे पटावर नाहीतच, त्यामुळे एकेका कारखान्यातली युनियन यापुढे आणखी दुबळी होणार. औद्योगिक वसाहतीची मिळून एक संघटना, एका परिसराचे सर्व ठेका कामगार एकत्र, हाच मार्ग उरतो. इचलकरंजीला याची परंपरा आहे. तिथे मजुरी एकेका कारखान्यात ठरत नाही. बावन्न पिकाच्या, म्हणजे इंचाला बावन्न आडवे धागे असलेल्या, कापडाला मीटरमागे किती पैसे, हा दर साऱ्या शहराचा असतो, आणि म्हणून लढाही साऱ्या शहराचा होतो. 2013 च्या संपात ते सगळ्यांनी पाहिले.

आता एका अवघड प्रश्नाकडे येतो. 1928 च्या संपाचा अभिमानाने उल्लेख करताना त्यातली एक बाजू आपण क्वचित सांगतो. गिरण्यांच्या विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाला लावावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला, तेव्हा तो मागण्यांत घेण्यास त्यांनी सुरुवातीला टाळाटाळ केली. दहा वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1938 रोजी, औद्योगिक विवाद विधेयकाच्या विरोधात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला आणि तो गाजला. या दोन तारखांमधले अंतर आपण आजही पुरते कापलेले नाही. सफाईचे काम कोणत्या जातीकडे आहे आणि जिल्हा समितीत कोण बसते, हे दोन प्रश्न एकाच बैठकीत विचारले गेले पाहिजेत.

जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. शाहू महाराजांच्या नगरीत असे कसे घडले, असे सर्वांनी विचारले. मला दुसरा प्रश्न पडतो. त्या गर्दीतली मुले कोणाची होती? त्यांतल्या कितीतरी जणांचे वडील याच वसाहतींत राबले आणि त्यांच्यापैकी काहींनी लाल झेंडाही धरला असेल. ही मुले तालमीत, तरुण मंडळात, गणपतीच्या मांडवात भेटतात, आणि तिथे त्यांना इतिहास सांगायला कोणीतरी रोज हजर असते. आपण हजर नसतो. कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी हे फार आधी ओळखले होते. शिवाजी महाराजांवरची त्यांची छोटी पुस्तिका मुळात भाषणातून तयार झाली आणि तिच्या लाखाहून अधिक प्रती लोकांच्या हाती गेल्या, कारण रयतेच्या राजाची गोष्ट त्यांनी रयतेच्या बाजूने आणि रयतेच्या भाषेत सांगितली. 16 फेब्रुवारी 2015 रोजी याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि 20 तारखेला ते गेले. त्यांच्या आणि प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या टोलविरोधी आंदोलनाला अखेर डिसेंबर 2015 मध्ये यश आले आणि टोल रद्द झाला, तो दिवस पानसरेअण्णांना पाहता आला नाही. त्या आंदोलनात रिक्षावाला, दुकानदार, पेन्शनर, तालमीतली पोरे सगळे होते. डाव्यांच्या मागे अख्खे शहर उभे राहू शकते, हे या शहराने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. मात्र टोल गेल्यावर त्या तरुणांना आपण पुढचे काम दिले नाही, आणि ते दुसऱ्यांनी दिले.

आज महाराष्ट्रात सर्वांत चिवटपणे कोण लढते आहे, असे विचाराल तर मी आशा आणि अंगणवाडीच्या महिलांकडे बोट दाखवीन. 4 डिसेंबर 2023 पासून अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी सुमारे पन्नास दिवस संप चालवला. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये मान्य केले. आशाताई तर गावातल्या प्रत्येक घराचा उंबरा ओलांडते. कोणत्या घरात बाळंतपण आहे, कोणत्या घरात दारू आहे, कोणाचा मुलगा पुण्याला गेला, हे तिच्याइतके आपल्या कोणत्याही शाखा चिटणीसाला ठाऊक नाही. अशा महिला मोर्चाला हजारोंनी येतात आणि पक्षाच्या समितीत एक-दोघींपुरत्या उरतात, कारण आपल्या बैठका संध्याकाळी सातला सुरू होऊन दहाला संपतात आणि त्या वेळी तिच्या घरी चूल पेटलेली असते. बैठक दुपारी घ्यावी, मुलांसह यायला सांगावे, एवढी साधी दुरुस्ती आहे. ॲपवर काम करणाऱ्या मुलांचेही असेच. त्यांना मोकळा वेळ दुपारी तीन ते पाच असतो आणि ते हॉटेलांच्या बाहेर घोळक्याने उभे असतात; आयडी ब्लॉक झाला तर दाद कोणाकडे मागायची, एवढ्या एका प्रश्नावर त्यांची संघटना सुरू होऊ शकते.

निवडणुकीविषयी लोक नेहमी विचारतात. 2004 साली लोकसभेत डाव्या पक्षांचे मिळून जवळपास साठ खासदार होते, 2024 मध्ये ते आठ झाले. ही घसरण गंभीर आहे आणि ती लपवून उपयोग नाही. पण मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेल्या शेतकरी लाँग मार्चने मुंबईकरांची मने कशी जिंकली ते आठवा. दहावीच्या परीक्षेला मुलांना अडचण नको म्हणून थकलेली माणसे रात्रीच चालत आझाद मैदानावर पोहोचली. त्या आदिवासी बायाबापड्यांना शिस्त एका दिवसात लागलेली नव्हती. गोदावरी परुळेकरांनी 1945 मध्ये वारली भागात सुरू केलेल्या कामापासूनची ती सलगता आहे.

शेवटी ऊसतोडणी कामगारांविषयी एक प्रस्ताव ठेवतो. दिवाळीनंतर मराठवाड्यातून टोळ्या येतात आणि गळीत संपले की जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली असते, आणि 2024 च्या सुरुवातीला तोडणी दरात 34 टक्के वाढ मान्य झाली तरी त्यातली किती रक्कम खरोखर त्यांच्या कोप्यांपर्यंत, म्हणजे तळावरच्या झोपड्यांपर्यंत, आली, याचा हिशेब आपण कुठेही तपासलेला नाही. आपल्याकडे त्यांचे मतदान नाही म्हणून आपले लक्ष नाही, आणि तिकडे बीडमध्ये ते सहा महिने नसतात म्हणून तिथल्या शाखेचेही लक्ष नाही. 1967 साली याच बीडने सातारा-सांगलीच्या मातीतल्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत पाठवले होते, तेव्हा हे दोन प्रदेश एकमेकांना परके नाहीत. या हंगामाआधी बीडच्या कार्यकर्त्यांना इथे बोलवावे, कोणत्या तालुक्यातल्या टोळ्या कोणत्या कारखान्यावर येतात याची यादी करावी, आणि प्रत्येक कारखान्याच्या तळावर दोन कार्यकर्ते, त्यांतली एक महिला, पूर्ण हंगाम नेमून द्यावेत. त्यांनी पहिला महिना फक्त उचलीचे हिशेब लिहून घ्यावेत आणि मुलांच्या शाळेची सोय पाहावी. सभा त्यानंतर. जिल्हा समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्यावा, अशी माझी विनंती आहे.