टॅब रूट करायचा का?

(मालवणात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा मुंबईच्या घरात पडून असलेला जुना टॅब सोबत आणतात आणि जाताना इथेच ठेवून जातात. "पोरांका अभ्यासाक होतलो." टॅब मंद असतो, कंपनीने भरलेली नको ती ॲप्स त्यात असतात, जागा उरलेली नसते. मग कोणीतरी सांगतं, रूट कर, नव्यासारखा चालेल. माझं म्हणणं असं की रूट हवं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी हवं असतं, आणि ते पुष्कळ कमी धोक्यात मिळतं.

टॅब चालवणारं ॲन्ड्रॉइड हे लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यावर उभं आहे. प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता क्रमांक मिळतो, त्यामुळे एका ॲपला दुसऱ्याच्या खासगी फायली उघडता येत नाहीत. रूट हा शून्य क्रमांकाचा वापरकर्ता, त्याला जवळपास कुठेच अडवणूक नाही. टॅब विकताना कंपनी हा अधिकार आपल्याला देत नाही; तो मिळवणं म्हणजेच टॅब रूट करणं. वस्तू माझी, पैसे माझे, मग अधिकार का नाही, हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. पण तो अधिकार मिळाला की ज्या ॲपला तुम्ही होकार द्याल त्यालाही तो मिळतो, हे विसरू नका.

इथे तीन गोष्टींची सरमिसळ होते. बूटलोडर म्हणजे टॅब चालू होताना प्रणाली उचलणारा छोटा प्रोग्रॅम. तो अनलॉक करणं म्हणजे कंपनीची सही नसलेली प्रणालीही सुरू होऊ देणं. हे करताना टॅबमधला सगळा डेटा पुसला जातो. लग्नाचे फोटो, मुलांच्या वह्यांचे फोटो, जे असेल ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या. दुसरी गोष्ट रूट. आज ते बहुधा २०१६ साली आलेल्या मॅजिस्क या साधनाने करतात. ते मूळ प्रणालीला हात न लावता बूट इमेजमध्ये, म्हणजे टॅब सुरू करणाऱ्या फाइलमध्ये, बदल करतं. तिसरी गोष्ट कस्टम रॉम, म्हणजे अख्खी प्रणालीच बदलणं. सायनोजेनमॉड हा जुना कस्टम रॉम बंद पडल्यावर त्याच वर्षाअखेरीस सुरू झालेलं लिनिएजओएस हे त्यातलं ठळक नाव. जुन्या टॅबमध्ये जीव येतो तो या तिसऱ्या गोष्टीने, कारण तिच्यामुळे नवं ॲन्ड्रॉइड आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. आणि लिनिएजओएस घालायला रूट लागत नाही! नुसता रूट केलेला जुना टॅब जुनाच राहतो. अडचण एकच, तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी रॉम कोणीतरी बनवलेला असावा लागतो. स्वस्तातल्या पुष्कळ टॅबसाठी तो नसतोच.

नको असलेली ॲप्स काढायलाही रूट लागत नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, केबलने लॅपटॉपला जोडा आणि एडीबीतून, म्हणजे लॅपटॉपवरून टॅबला आज्ञा देणाऱ्या साधनातून, ते ॲप तुमच्या खात्यापुरतं काढून टाका. फॅक्टरी रिसेट केलं की ते परत येतं, म्हणजे चुकून भलतं काही काढलं तरी परतीची वाट आहे. जाहिरातींचा त्रास असेल तर ॲन्ड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएसची, म्हणजे वेबसाइटचे पत्ते शोधून देणारी सेवा आपण निवडण्याची, सोय आहे. जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता तिथे भरला की बऱ्याचशा कमी होतात.

मग रूट खरंच कुठे लागतं? आपल्या पट्ट्यातलंच उदाहरण घ्या. खानावळीत किंवा होमस्टेच्या काउंटरवर दरपत्रक दाखवायला टॅब लावलेला असतो, रात्रंदिवस चार्जरवर. बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली, त्यात गरमी, त्यामुळे ती फुगते आणि स्क्रीन उचलला जातो. काही टॅबमध्ये चार्जिंग थांबवण्याची सोय सेटिंग्जमध्येच असते. ज्यात नसते, त्यात रूट करून ८० टक्क्यांवर चार्जिंग तोडता येतं. शिवाय त्या टॅबमध्ये बँक नाही, कोणाची ओळखपत्रं नाहीत. अशा ठिकाणी मी रूट करा म्हणेन.

पण ज्या टॅबवरून आंब्याच्या पेट्यांचे पैसे येतात-जातात, त्याला हात लावू नका. बँकांची अनेक ॲप्स रूट ओळखतात आणि उघडतच नाहीत. ही तपासणी चकवण्याच्या युक्त्या आहेत, पण आज चाललेली उद्या बंद पडते आणि ऐन हंगामात पैसे अडकतात. अनलॉक केलेल्या अनेक टॅबमध्ये व्हिडिओ ॲप्सचा दर्जा एचडीखाली घसरतो. कंपनीचं अपडेटही नीट बसेनासं होतं. "एका क्लिकमध्ये रूट" म्हणणारी ॲप्स तर घेऊच नका. ती टॅबमधल्या सुरक्षेच्या भोकातून आत शिरतात, आणि आत गेल्यावर काय करतात हे तुम्हाला दिसत नाही.

करायचंच ठरलं तर बूट इमेज तुमच्या टॅबच्या नेमक्या बिल्ड नंबरचीच घ्या. भलतीच घातली तर टॅब कंपनीच्या चिन्हाशीच फिरत राहतो. आणि पावसाळ्यात हे काम डेस्कटॉपवर करू नका. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि फाइल अर्धी लिहून थांबली तर टॅब सुरूच होणार नाही. बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप घ्या, टॅबही निम्म्याहून जास्त चार्ज असू द्या.

एका काकांनी विचारलं, "टॅब भारी तापता, रूट केलो तर थंड होतलो काय?" काका, आधी जाड कव्हर काढा आणि चार्जिंगला लावून व्हिडिओ बघणं थांबवा. त्याने फरक पडला नाही तर बॅटरी तपासून घ्या.

रूट केल्यावर परत पहिल्यासारखा होतो का, हाही प्रश्न आला. मॅजिस्क काढून मूळ बूट इमेज परत घालता येते. बूटलोडर पुन्हा लॉक करताना मात्र सगळी प्रणाली कंपनीचीच असली पाहिजे, नाहीतर टॅब सुरू होत नाही. आणि डेटा दुसऱ्यांदा पुसला जातो. सॅमसंगच्या नॉक्स ही सुरक्षा यंत्रणा असलेल्या टॅबमध्ये तर अशा बदलाने आतला इलेक्ट्रॉनिक फ्यूज एकदा उडाला की कायमचा. सॉफ्टवेअर सगळं मूळचं घातलं तरी सिक्युअर फोल्डर, म्हणजे खासगी फायलींचा कुलूपबंद कप्पा, पुन्हा चालत नाही.