कचरा केंद्राचा, रस्ता राज्याचा

मित्रहो, किरणोत्सारी कचरा कुठे पुरायचा यावर आपण तावातावाने बोलतो. तो तिथवर कुणाच्या दारावरून जाणार, हे मात्र क्वचितच विचारतो. म्हणून आज मी रस्त्याबद्दलच बोलणार आहे, आणि तेही अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या संदर्भात.

तिथे कार्ल्सबाड गावाजवळ, जमिनीखाली सुमारे ६५५ मीटरवर, मिठाच्या थरात ‘विप’ नावाचं भांडार आहे. अण्वस्त्रांच्या कारखान्यांतले प्लुटोनियम लागलेले हातमोजे, कपडे, अवजारं, गाळ तिथे कायमचे ठेवले जातात. किरणोत्सारापासूनची सुरक्षा हा तिथे केंद्राचा विषय. आपल्याकडेही अणुऊर्जा संघसूचीतच आहे. मग ज्यांच्या हद्दीतून ट्रक जाणार, त्या राज्यांच्या हाती काय उरतं?

ऑक्टोबर १९८८ मध्ये आयडाहोचे गव्हर्नर सेसिल अँड्रस यांनी ते दाखवून दिलं. कोलोरॅडोतल्या रॉकी फ्लॅट्स कारखान्याचा कचरा ‘तात्पुरता’ म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्या राज्यात येत होता. त्यांनी त्याची वॅगन ब्लॅकफूटला अडवली, पोलीस उभा केला आणि ती परत धाडली. हे कायद्याच्या कसोटीवर कितपत टिकलं असतं, ते वकिलांनी ठरवावं. मला ते पाऊल योग्यच वाटतं, कारण राज्यांना विचारल्याशिवाय हा कचरा हलणार नाही, हे त्यातून दिल्लीसारख्याच दूरच्या वॉशिंग्टनला कळलं.

पुढे पश्चिमेकडच्या राज्यांच्या गव्हर्नरांनी केंद्रीय ऊर्जा खात्याशी एकत्र वाटाघाटी केल्या. १९९२ च्या कायद्याने राज्यांना आगाऊ सूचना आणि वाटेवरच्या पोलिसांना, अग्निशमन दलाला प्रशिक्षण देणं बंधनकारक झालं. वाहतुकीच्या पात्रांना अणुनियामक आयोगाची मान्यता लागते: नऊ मीटरवरून आपटणं, पोलादी दांड्यावर पाडणं, ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास ठेवणं, अशा चाचण्यांना ती उतरावी लागतात. पण पात्र कितीही भक्कम असलं, तरी ते बर्फाळ घाटात कोणत्या वेळी न्यायचं नाही, हे तिथल्या माणसालाच कळतं. हवामान बिघडलं तर ट्रक निघायचा नाही, थांब्याच्या सुरक्षित जागा आधीच ठरलेल्या, गाडीत दोन चालक, निघण्याआधीच्या तपासणीत एकही दोष चालणार नाही, या अटींमागे राज्यांचा आग्रह आहे. न्यू मेक्सिकोतल्याच लॉस अलामॉस अण्वस्त्र प्रयोगशाळेचे ट्रक सांता फे शहराच्या वस्तीतून नेण्याला लोकांनी विरोध केला, म्हणून केंद्राच्या पैशाने शहराला वळसा घालणारा ५९९ क्रमांकाचा रस्ता झाला. पहिला ट्रक ‘विप’ला पोहोचला मार्च १९९९ मध्ये.

फेब्रुवारी २०१४ मध्ये भांडारातलं एक पिंप फुटलं. लॉस अलामॉसमध्ये ते भरताना नायट्रेट क्षारांबरोबर चुकीचा सेंद्रिय शोषक पदार्थ वापरला गेला होता. किरणोत्सारावर राज्याचा अधिकार नव्हता. पण या कचऱ्यात घातक रसायनंही असतात, आणि त्यांचा परवाना राज्याच्या हाती होता. त्याच आधारे न्यू मेक्सिकोने ऊर्जा खात्याला दंड ठोठावला. २०१६ मध्ये पक्क्या झालेल्या समझोत्यात दंडाऐवजी कामं ठरली, आणि त्यातला मोठा हिस्सा गेला हा कचरा ज्यांवरून जातो त्या रस्त्यांच्या दुरुस्तीला.