गच्चीवरचा टॉवर: मोजणी काय सांगते

[दृश्य: सोसायटीचं क्लबहाऊस. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खरखरणारा माइक, हात वर केलेले सभासद.]

निवेदन:
ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या खालोखाल आवाज चढतो तो या विषयावर. गच्चीवर मोबाइल टॉवर बसवू द्यायचा का? एका बाजूला दरमहा भाडं. त्यातून लिफ्टची दुरुस्ती निघेल, रंगकाम निघेल. दुसऱ्या बाजूला एकच शब्द, कॅन्सर. तो उच्चारला गेला की हिशेब मांडणारा सेक्रेटरीही खाली बसतो. गंमत अशी, की त्याच सभेत "आमच्या विंगमध्ये रेंजच येत नाही" ही तक्रारही असते. बऱ्याचदा ती करणारा माणूसही तोच!

[दृश्य: गच्ची. खांबावरचे उभे अँटेना जवळून.]

निवेदन:
आपण टॉवर म्हणतो तो नुसता खांब. लहरी सोडतात त्या त्यावरच्या माणसाएवढ्या उंच, पांढुरक्या पेट्या. बहुतेक ठिकाणी तीन दिशांना तीन तोंडं, प्रत्येकीकडे १२० अंशांचा घेर. आडवा पसारा मोठा, पण उभ्या दिशेत झोत पातळ: सात-आठ अंशांचा, किंचित खाली झुकवलेला. बॅटरी समोर धरली की पायाखाली अंधारच राहतो, तसं अँटेनाच्या थेट खालच्या घरात फार थोडं पोहोचतं. त्यात मध्ये काँक्रीटचा स्लॅब. म्हणजे सर्वांत जोरात विरोध करणारे वरच्या मजल्यावरचे काका तसे सुरक्षित जागी बसलेले असतात.

मग झोत जातो कुठे? समोर. ढोबळ हिशेब करू. अँटेनाला २० वॉट दिले आणि तिने ते मुख्य दिशेला पन्नास पट एकवटले, तर ५० मीटरवर दर चौरस मीटरला साधारण ०.०३ वॉट पडतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा होती ४.५ वॉट. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून तिचा दहावा हिस्सा धरला, ०.४५. पन्नास मीटरवरचा आपला आकडा त्याच्याही चौदाव्या हिश्शाच्या आसपास.

पण हाच हिशेब जवळ आणत गेलं, तर तेरा मीटरवर तो ०.४५ ला टेकतो. एकाच गच्चीवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असले, की हे अंतर आणखी वाढतं. आणि नौपाड्यातल्या जुन्या गल्ल्यांत समोरच्या घरातल्या टीव्हीवर काय चाललंय ते आपल्या खिडकीतून दिसतं! त्यामुळे विचारायचा प्रश्न "टॉवर किती जवळ आहे" हा नाहीच. अँटेनाचं तोंड कुणाच्या खिडकीकडे आहे आणि ती खिडकी त्याच उंचीवर आहे का, हे विचारायला हवं.

[दृश्य: तंत्रज्ञ हातात दांडा धरून उभा. टोकाला पांढरा गोळा.]

निवेदन:
या गोळ्यात तीन दिशांच्या लहरी टिपणारे तीन संवेदक असतात. छातीच्या उंचीवर तो धरायचा, सहा मिनिटं थांबायचं, सरासरी घ्यायची. अशी तपासणी मागवताही येते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'तरंग संचार' या सरकारी पोर्टलवर फी भरून अर्ज करायचा.

खरी काळजी घ्यायची ती मात्र सभेत नसलेल्या माणसाची. टाकी धुणारा, परांचीवर चढलेला रंगारी, वॉटरप्रूफिंगचा कामगार. तो अँटेनाच्या तोंडासमोर हाताच्या अंतरावर तासन्‌तास असतो. अशा वेळी कंपनीला कळवून अँटेना बंद करून घ्यावा लागतो. करारात ही अट आधी लिहून घ्या, भाड्याची घासाघीस नंतर. आणि इमारतीने तीस वर्षं पार केली असतील, तर वरचं वजन ती पेलते का, याचा अहवाल कॅन्सरच्या भीतीपेक्षा जास्त निकडीचा. याबद्दल सभेत कुणी अवाक्षर काढत नाही.

[दृश्य: जुनी वृत्तपत्रं, मथळे, मेंदूचे स्कॅन.]

निवेदन:
आता कॅन्सर. या लहरींच्या एका कणाची ऊर्जा रेणूंमधले बंध तोडायला लाखो पटींनी अपुरी पडते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, उष्णता. तरी विज्ञानाने "होणारच नाही" म्हणून हात झटकले नाहीत. मोबाइल फोनचा वापर आणि मेंदूच्या गाठी यांचा संबंध तपासणाऱ्या, तेरा देशांमधल्या 'इंटरफोन' अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. एकूणात धोका वाढलेला दिसला नाही. फक्त सर्वाधिक बोलणाऱ्या दहा टक्क्यांत ग्लायोमा या मेंदूच्या गाठीचं प्रमाण थोडं जास्त. पण त्याच गटात दिवसाचे बारा तासांहून अधिक फोनवर बोललो असं सांगणारेही होते. आजारी माणूस कारण शोधत मागे वळून पाहतो आणि आठवण फुगते, हे अशा अभ्यासांचं जुनं दुखणं.

अशाच धाग्यांवरून २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात, २-बी मध्ये टाकलं. त्याच गटात पूर्व आशियातल्या पारंपरिक लोणच्याच्या भाज्याही आहेत. आपल्या कैरीच्या बरणीला धक्का नाही.

पुढचे अभ्यास आठवणीवर कमी विसंबले. ब्रिटनमध्ये ७,७६,१५६ महिलांकडून आधीच माहिती घेऊन त्यांचा सरासरी चौदा वर्षं मागोवा घेतला. २०२२ च्या त्या निष्कर्षांत फोन वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या महिलांत गाठींचं प्रमाण सारखंच. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करून घेतलेल्या ६३ अभ्यासांच्या आढाव्यातही मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही.

टॉवरमुळे होतं म्हणून लोक सांगतात ती डोकेदुखी, झोप उडणं ही लक्षणं खोटी नसतात. पण कुणालाच न सांगता सिग्नल चालू-बंद करून घेतलेल्या प्रयोगांत, सिग्नल बंद असतानाही लोकांचं डोकं तितकंच दुखलं. त्रास खरा, कारण दुसरं. त्या माणसाला हसून घालवू नये, असं माझं मत.

[दृश्य: लिफ्ट. फोनवर "हॅलो... हॅलो..." म्हणणारा तरुण.]

निवेदन:
डोक्यात जास्त ऊर्जा जाते ती कानाला लावलेल्या फोनमधूनच. टॉवर जवळ असला की फोन आपली ताकद कमालीची उतरवतो. लिफ्टमध्ये, तळघराच्या पार्किंगमध्ये, येऊरच्या जंगलात तो जीव तोडून ओरडतो. टॉवर हटवला, की सोसायटीतला प्रत्येक फोन थोडा मोठ्याने बोलू लागतो.

[दृश्य: शर्टाचा डावा खिसा, त्यात फोन.]

निवेदन:
डॉक्टरांनी ज्याच्याबद्दल स्पष्ट इशारा दिला, तो धोका टॉवरचा नाहीच. तो आहे चुंबकाचा. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी नोंदवलं, की रुग्णाच्या छातीत बसवलेल्या डिफिब्रिलेटरवर, म्हणजे हृदयाची बिघडलेली लय शॉक देऊन सावरणाऱ्या उपकरणावर, आयफोन १२ धरताच त्या उपकरणाचं काम थांबलं आणि फोन बाजूला करताच पुन्हा सुरू झालं. पेसमेकरमध्येही चुंबक ओळखणारा स्विच असतो. तपासणीच्या वेळी डॉक्टर मुद्दाम चुंबक ठेवूनच तो वापरतात. म्हणून घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल, तर फोन डाव्या खिशात नको, त्या उपकरणापासून वीतभर लांब हवा आणि बोलायचं ते दुसऱ्या बाजूच्या कानाला लावून. चुंबकाने चिकटणारा चार्जरही त्यांच्या उशाशी नको.