सगळ्यांच्या मागून जेवणारा माणूस

मंडळी, माजी सैनिकाची आठवण काढायची म्हटलं की वक्ता थेट रणांगणावर जाऊन पोचतो. मीही जाणार आहे, पण तिथं फार थांबणार नाही. आबा स्वतःच थांबत नसत.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत सगळे त्यांना ‘मेजर’ म्हणायचे. आपल्याकडं पलटणीतून आलेला प्रत्येक जण मेजरच! आबा होते हवालदार, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे. १७६८ सालची ही जंगी पलटण. डिसेंबर १९७१ च्या युद्धात ती ब्रह्मपुत्रा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या पिछाडीला जाऊन बसली. ‘शरण या’ अशी चिठ्ठी आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी धाडली, तर पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री शत्रूनं वाट फोडून निसटायला धडका मारल्या, त्या मराठ्यांनी अडवल्या, आणि सकाळी जमालपूर पडलं.

आबा तेव्हा कोवळे शिपाई. आम्ही पोरं त्या गोळीवाल्या चिठ्ठीबद्दल खोदून खोदून विचारायचो. ते म्हणायचे, “ती सायबांची चिठ्ठी. मला म्हैनाभर घरचं पत्र न्हवतं बघ, मी त्या घोरात.” नवं लग्न झालेलं. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या मामींना, तेव्हा लिहिता येत नव्हतं. शाळेतले गुरुजी लिहून द्यायचे. गुरुजींच्या देखत नवऱ्याला सांगणार तरी काय? ‘इकडे सर्व खुशाल’ एवढंच.

सैनिक वेगळा आणि प्रपंच सांभाळणारा माणूस वेगळा, असं आपण भाषणात बोलतो. मला ते पटत नाही. पुढं आबा प्लाटून हवालदार झाले. त्या माणसाचं काम काय? रेशन पुरलं का, दारूगोळा आला का, चालून चालून कुणाच्या पायाला फोड आले, कुणाला घरून पत्र नाही, हे बघायचं. आणि सगळ्यांचं झाल्यावर आपलं ताट घ्यायचं. पेन्शनीत आल्यावर त्यांनी घरात हेच चालवलं. पोरींच्या शाळेच्या बुटात हात घालून खिळा वर आलाय का ते चाचपायचे. तांबड्या रश्शाचं पातेलं तळाला गेलं की मगच पाटावर बसायचे. मामी चिडायच्या, पण ऐकतंय कोण!

त्यांचं खरं मोठं काम मात्र कागदांचं, आणि ते फार जणांना ठाऊक नाही. जवान वारला की फॅमिली पेन्शन बायकोला मिळते, हे सगळ्यांना माहीत. पण पलटणीच्या कागदावर तिचं नाव काय आहे? लग्नात आपण मुलीचं नाव बदलतो. कुणी नाव लावलं माहेरचं, कुणी सासरचं, रेशनकार्डावर तिसरंच. जन्मतारीख तर अंदाजपंचेच असायची. मग नवरा गेल्यावर ती बाई बँकेतून सैनिक कल्याण कार्यालयात, तिथून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला, आणि तिथून कागद अलाहाबादच्या फौजी पेन्शन कार्यालयाला. हेलपाटे घालून चपला झिजायच्या.

आबांनी मामींचं हे सारं आपल्या हयातीतच नीट करून ठेवलं. पार्ट टू ऑर्डर (लग्नाची, पोराबाळांची पलटणीच्या दप्तरातली नोंद), जॉइंट खातं, आधार, सगळीकडं एकच नाव. मामींना सहीही त्यांनीच शिकवली. मग आसपासच्या गावांतली माणसं त्यांच्या सोप्यात यायला लागली. सैनिक टाकळीसारख्या गावात तर घराघरात फौजी. तिथून नवरा-बायको जोडीनं यायचे. आबा बाप्याला बाजूला बसवायचे आणि बाईला विचारायचे, “तुझं नाव तू सांग.” नोव्हेंबरात हयातीचे दाखले असत, तेव्हा सोप्यात पाय ठेवायला जागा नसायची. चहा मामींच्या माथी. त्यांच्या या वाट्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी इथं बोलतोय.

२०१९ च्या महापुरात पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या कितीतरी वर गेली. शिरोळकडची घरं आठवडाभर पाण्यात, पलटण सोडताना मिळालेली डिस्चार्ज बुकं भिजून लगदा झालेली. ती माणसं आली तेव्हा प्रत्येकाच्या कागदांची झेरॉक्स आबांच्या काळ्या ट्रंकेत निघाली.

आबा गेल्यावर मामींची पेन्शन विनासायास सुरू झाली. ट्रंकेत अजून काही जणींची अर्धवट प्रकरणं आहेत. त्यातल्या दोघी आज इथं बसल्यात. पोस्टातून, बँकेतून निवृत्त झालेले बरेच जण समोर दिसताहेत. कोण कोणतं प्रकरण घेणार, ते चहाच्या आधी ठरवूया.