औषध म्हणू नका

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

मागं बॅनरवर आजचा विषय लिहिलाय, तो आधी वाचून घेतो. पुन्हा त्याच्याकडं वळायला जमेल याची खात्री नाही. ‘फळपिकांवरील किडी व रोगांचे एकात्मिक व्यवस्थापन : संशोधनाची दिशा’. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो, ‘डाळिंबावर बोलतो.’ बाकीची नक्षी मंडळाची आहे. सोलापुरात चादरीला काठ आणि व्याख्यानाला उपशीर्षक लागतंच. (हशा)

बोलायच्या आधी एक पिशवी पहिल्या रांगेत देतो. बघा आणि मागं पाठवा. आत डाळिंब आहे, आज सकाळी तोडलेलं. साल लाल आहे, पण तिच्यावर काळपट डाग आहेत आणि मोठ्या डागाच्या मधोमध इंग्रजी वाय अक्षरासारखा तडा गेलाय. सोबत एक पान आहे, ते ट्यूबलाइटकडं धरा. भजी बांधून दिलेला कागद उजेडाकडं धरला की कसा दिसतो? डाग तसाच दिसेल, ओला, आरपार. म्हणून या रोगाचं नाव ‘तेल्या’. हे नाव कुणा शास्त्रज्ञानं दिलेलं नाही, बागेत उभं राहून बघणाऱ्यानं दिलंय, आणि आमच्या ‘झँथोमोनास’ या जिवाणूच्या शास्त्रीय नावापेक्षा ते दहापट चांगलं आहे. पिशवी उघडू नका एवढीच विनंती.

तर आज मला खरं एका शब्दाविषयी बोलायचंय. एकतीस वर्षं वनस्पतिरोगशास्त्र शिकवलं, निवृत्त झालो, आणि आता माझं भांडण जिवाणूशी राहिलेलं नाही. ते आहे ‘औषध’ या शब्दाशी.

‘औषध मारलं का?’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! माणसाला औषध देतात, पाजतात, चोळतात. झाडाला ते मारतात. क्रियापद खरं बोलून गेलंय, नाम मात्र खोटंच राहिलं. आणि दुसरं वाक्य आठवा, गावाकडं दबक्या आवाजात बोलतात ते. ‘अमका औषध प्याला.’ ते ऐकल्यावर कुणी विचारतं का, बरं वाटलं का म्हणून? त्या वाक्यात औषध म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. आणि तीच बाटली दुसऱ्या दिवशी बागेत गेली की तिचं पुन्हा औषध होतं.

शब्दावरून कशाला भांडता, असं आमची मंडळी म्हणतात. भांडतो, कारण शब्दामागून वागणं येतं. औषध म्हटलं की ते आजार झाल्यावर घ्यायचं. आधी ताप, मग गोळी. म्हणून शेतकरी डाग दिसायची वाट बघतो. डाग दिसला की दुकानात पळतो. आणि जिवाणूचा डाग दिसतो तेव्हा जिवाणू आत शिरून बरेच दिवस झालेले असतात. ज्याला तुम्ही औषध म्हणता ते बहुतेक वेळा छत्री असतं. पानाच्या वर थांबतं, येणाऱ्याला अडवतं. चिंब भिजल्यावर छत्री उघडून काय होणार?

छत्रीवरून बोर्डोची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, वर्गात दर वर्षी सांगायचो. फ्रान्समध्ये बोर्डो गावाच्या बाजूला रस्त्याकडेच्या द्राक्षबागांतून येणारे-जाणारे घड तोडायचे. आपल्याकडं नान्नज-कासेगावात कुणी तोडत नाही, असं आपण समजू. (हशा) तिथल्या बागवानांनी काय केलं, मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुना कालवून रस्त्याकडेच्या वेलींवर शिंपडला. पानं निळी-पांढरी, भयंकर दिसायची. चोराला वाटायचं, विष आहे. 1882 साली मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्या रस्त्यानं गेले. डावणी रोगानं आतल्या वेलींची पानं गळालेली, आणि कडेच्या वेली मात्र हिरव्यागार. त्यांनी प्रयोग केले आणि 1885 मध्ये मिश्रण जाहीर केलं. चोरासाठी लावलेलं, रोगाला लागू पडलं. आज आपण शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना घेऊन एक टक्क्याचं बोर्डो करतो, ते तेच.

यातली गंमत बघा. त्या बागवानानं चोर यायच्या आधी शिंपडलं होतं. चोरी झाल्यावर नाही.

(बाहेर लेझीम सुरू झाली वाटतं. मी जरा मोठ्यानं बोलतो. मागं ऐकू येतंय ना? नाही म्हणणाऱ्यांना ऐकू आलंय.)

आता घरची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीचं घर सांगोला तालुक्यात. दाजींनी ज्वारी मोडून दोन एकर ‘भगवा’ जातीचं डाळिंब लावलं होतं. 2006 चा जुलै. रात्री साडेदहाला फोन. ‘पाव्हणं, झोपला का?’ झोपलो होतो, नाही म्हणालो. ‘तेल्या आलाय. औषध सांगा.’

मी म्हटलं, दाजी, औषध नाही.

पलीकडं शांत. मग म्हणाले, ‘एवढं शिकून?’ (हशा)

ते ‘एवढं शिकून’ मला आजही झोपेत ऐकू येतं. माझ्याकडं औषध नव्हतं, दुकानदाराकडं होतं. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा अक्कानं चहाच्या आधी दुकानाची चिठ्ठी पुढं ठेवली. सात नावं. दोन बुरशीची, एक किडीचं, एक टॉनिक, एक ह्युमिक, एक चिकटायला स्टिकर, आणि एक स्ट्रेप्टोमायसीनची पुडी. रोग जिवाणूचा, त्याला बुरशीचं कशाला? ‘आडवं जायला नको म्हणून दिलंय.’ किडीचं कशाला? ‘बरोबर मारून घ्या म्हणला, मजुरी वाचंल.’ मजुरी वाचली, सातही एकाच टिपाडात पडली. वरनं शेजाऱ्यानं सांगितलेलं मोरचूद टाकलं. मी बागेत गेलो तर टिपाडात दूध नासावं तसं सगळं फाटलेलं. तळाला दह्यासारखा साका, वर निळसर पाणी. एसटीपी फवारणी पंपाचं नोझल दर दोन झाडांमागं चोक व्हायचं आणि गडी तोंडानं फुंकून मोकळं करायचा. तोंडानं! मी ओरडलो. तो म्हणाला, ‘औषधच हाय की.’

स्ट्रेप्टोमायसीनचं तेवढं सांगतो. 1943 साली शोध लागला. क्षयावर लागू पडणारं हे पहिलं प्रतिजैविक, त्यानं माणसं वाचली. ते आपण बागेत धुरळ्यासारखं उडवलं. जिवाणूला दर आठवड्याला थोडं थोडं दिलं की तो त्याला सरावतो, आणि मग ते ना झाडाच्या कामाचं राहतं, ना माणसाच्या. शेतीतून ते काढून घ्यायची पावलं सरकारनं उचलली, फार उशिरा का होईना.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती ऐटीत सांगितली असती. खरी गोष्ट पुढंच आहे, आणि ती मी वर्गात कधी सांगितली नाही.

मी दाजींबरोबर ओळीओळीनं फिरलो. बाग नवी, आजूबाजूला डाळिंब नाही, रोपं मीच चांगल्या ठिकाणाहून आणून दिलेली. मग आला कुठनं? विहिरीकडून तिसऱ्या ओळीत पाच-सहा झाडं सगळ्यात जास्त लागलेली. तिथून पुढं वाऱ्या-पावसाच्या दिशेनं कमी कमी होत गेलेली. सुरुवात त्या ओळीत झाली होती. मी म्हटलं, दाजी, या ओळीत कोण आलं होतं? दाजी म्हणाले, ‘कोण येतंय? दोन आठवड्यामागं तुम्हीच आला हुता की. वॉटरशूट काढून दावले न्हाईत का?’

मला घाम फुटला. दोन आठवड्यांपूर्वी सकाळी मी माण नदीच्या अलीकडं एका बागेत गेलो होतो. तेल्या बघायलाच. खिशातल्या लाल मुठीच्या कात्रीनं डाग पडलेली फांदी कापली, नमुना पिशवीत घातला, कात्री धोतराला, आपलं, पँटला पुसली आणि खिशात टाकली. दुपारी अक्काकडं जेवायला गेलो. शेंगाची चटणी, कडक भाकरी. जेवून पाय मोकळे करायला बागेत, आणि मास्तरकीची खोड, पाच-सहा झाडांचे वॉटरशूट, म्हणजे सरळ वाढणारे निकामी फुटवे, कसे काढायचे ते करून दाखवलं. त्याच कात्रीनं. संध्याकाळी पाऊस आला.

माझ्याच कात्रीनं आला हे मला सिद्ध करता येणार नाही. वारा आहे, मजूर आहेत, रोपातही लपून असू शकतो. पण तिसरी ओळ मी विसरू शकत नाही. अडीच टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात कात्री दर झाडाला बुडवा, हे मी परीक्षेत पाच मार्कांना विचारत होतो.

दाजींना सांगितलं का? सांगितलं. आठ वर्षांनी. ते म्हणाले, ‘मला ठाव हुतं.’ पुढं काहीच बोलले नाहीत. बाग त्यांनी चौथ्या वर्षी काढून टाकली होती, आता तिथं पुन्हा ज्वारी आहे.

...

चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटं. साडेआठला आरती.’ बरं. म्हणजे बॅनरवरचा विषय आता दहा मिनिटांत. (हशा) भराभर सांगतो.

पहिलं, मर, म्हणजे झाड उभंच्या उभं वाळणं. 2020 च्या ऑक्टोबरात आपल्याकडं जो पाऊस झाला, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यानंतर सांगोल्याच्या बाजूला उभीच्या उभी झाडं वाळली. मर हा एकच रोग नव्हे. मुळाशी सेराटोसिस्टिस बुरशी असते, धाग्यासारखे बारीक सूत्रकृमी असतात, आणि खोडाला टाचणीनं टोचावं तशी भोकं पाडणारा पिन होल बोरर असतो. खोडाशी बारीक पांढरट भुसा दिसला की तो आत आहे असं समजा. हा भुंगा दोन-तीन मिलिमीटरचा, आणि लाकूड खात नाही. बोगदा पाडतो, त्यात बुरशी पेरतो, पोरांना ती बुरशी खाऊ घालतो. म्हणजे तोही शेतकरीच, आपल्यापेक्षा कितीतरी जुना. आणि मुळं पाण्यात गुदमरली की झाडातून अल्कोहोलचा वास सुटतो, त्या वासावर हा धावत येतो. ढाब्यावर जातात तसा. (हशा) म्हणून फवारा नंतर, आधी पाण्याचा निचरा बघा. वाळलेलं झाड मुळासकट उपटून जाळा, बांधावर रचून ठेवू नका.

दुसरं, फळातला रस शोषणारा पतंग. रात्री येतो, सोंड सालीतून आरपार घालतो, फळ त्या जागी सडतं. त्याची अळी तुमच्या डाळिंबावर सापडायचीच नाही. ती असते बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर. कोरोनात सगळ्यांनी कुंपणाला गुळवेल चढवली, काढा प्यायला. पतंगाला वाटलं, आपल्यासाठीच केलंय. बागेच्या जवळची गुळवेल काढा. काढा नंतर बघू.

तिसरं, पपई, कारण मला ‘मारणं’ सोडून दुसरंही काही दाखवायचंय. 2008 मध्ये कोईमतूरला परदेशी पिठ्या ढेकूण आला आणि पुढं पुण्यापर्यंत पोचला. बाटल्या मारून भागेना, वर मेणाचा थर असतो ना. 2010 मध्ये बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी पोर्तो रिकोहून असिरोफॅगस नावाची इवलीशी माशी मागवली, गांधीलमाशीची नातलग, मुंगीहून लहान. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते. सोडली, आणि काही महिन्यांत ढेकूण आटोक्यात. पण एक लक्षात घ्या, जिथं किडीचं ‘औषध’ मारणं चालू राहतं तिथं ही माशी आधी मरते.

चौथं, बहार, म्हणजे कोणत्या हंगामात फूल धरायचं ते. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राची, 2005 पासूनच्या कामावरची, शिफारस सरळ आहे. तेल्याच्या भागात पावसाच्या तोंडावरचा मृग बहार टाळा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त धरा, झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्या, रोगमुक्त रोप घ्या, पडलेली पानं-फळं गोळा करून जाळा, विश्रांतीत बोर्डो. मृगाला फळ वाढतं ते ऐन पावसात, उडणाऱ्या थेंबाबरोबर जिवाणूही झाडाझाडावर जातो. शास्त्र बरोबर आहे. पण दाजींच्या बाजूनंही बोललं पाहिजे. मृगाला पाणी आभाळातनं येतं, हस्ताला ते विहिरीतनं काढावं लागतं, आणि ऐन ताण द्यायच्या, म्हणजे फूल यावं म्हणून पाणी तोडायच्या वेळी सप्टेंबरात आपल्याकडं खरा पाऊस पडतो. ताण बसत नाही, फूल येत नाही. मार्चमध्ये विहिरीला तळ दिसत असेल तर ‘मृग टाळा’ म्हणणाऱ्यानं टँकरचं बिलही भरावं. या प्रश्नावर आमच्या लोकांनी जेवढं काम करायला हवं होतं तेवढं झालं नाही असं माझं मत आहे. अध्यक्ष मान डोलावतायत, की घड्याळ बघतायत, कळत नाही.

मग औषध नाही तर काय म्हणायचं, असं कुणी तरी विचारणारच. मी ‘फवारा’ म्हणतो. ज्यानं किडा मरतो त्याला विष म्हणतो. घरात अवघडल्यासारखं होतं, पण गडी नोझल फुंकत नाही.

झालं, थांबतो. पिशवी कुठं आहे? मागं? द्या इकडं, ती मला जाळायचीय.

हिची गाठ सुटलेली दिसतेय. कुणी उघडली? ... असू द्या, नाव विचारत नाही. वास घेतला असेल. पण ज्यांनी हात घातला आणि ज्यांची बाग आहे, त्यांनी आरतीला जायच्या आधी बाहेरच्या नळावर हात धुवा. साबण मी येतानाच ठेवलाय. आणि आज रात्री बागेत जाऊ नका. बाकीच्यांनी चहा घ्या.