कटर कुठला घ्यायचा?

नमस्कार श्रोतेहो.

भात घरात आलंय, गवत कापून झालंय, आता बागेकडे बघायचे दिवस. पावसात मोडलेल्या फांद्या तशाच लोंबतायत, एखादं झाड आडवं पडलेलं आहे. अशा वेळी कोणीतरी हमखास विचारतं, "भाऊ, यंदा झाडं कापायचा पेट्रोलचा कटर, म्हणजे चेनसॉ, घेतोय. मधला घेऊ की तोडीवाल्यांकडे असतो तो मोठा, धंद्याचा?"

मी उलट विचारतो, वर्षातून किती दिवस चालवणार? सीसी, म्हणजे इंजिनाचा आकार, नंतर; किंमत नंतर. आधी दिवस सांगा. स्वतःच्या बागेपुरतं, वर्षाला वीस-पंचवीस दिवसांचं काम असेल तर मधला कटर पुरतो. रोज लाकूड कापून पोट भरायचं असेल तर धंद्याचाच घ्या, त्यात काटकसर नको. माझं मत एवढंच. पण ते कुठून आलं ते सांगतो, कारण ते मला दुकानात कळलं नाही.

तारीख 3 जून 2020. निसर्ग वादळ. दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या दापोली तालुक्यातही त्याने काही शिल्लक ठेवलं नाही. दारं लावून आम्ही आत बसलो होतो आणि आवाजावरून झाडं ओळखत होतो. नारळ पडतो तो धप्पकन, एकदाच. फणस पडताना आधी मुळं तुटल्याचा कडकडाट होतो, मग जमीन हादरते. तो कडकडाट ऐकून आई म्हणाली, "काकींचा फणस गेला."

सकाळी बघतो तर फणस काकींच्या गोठ्यावर आडवा. गुरं वादळाच्या आदल्या रात्रीच पडवीत आणून बांधली होती, म्हणून वाचली. वीज नाही, फोन नाही, त्यात लॉकडाऊन. बाहेरून कोणी येणार नव्हतं. वाडीत कटर दोनच. माझा 45 सीसीचा, 16 इंची पट्टीचा. पट्टी म्हणजे जिच्यावरून चेन फिरते ती. दुसरा वाडीतल्याच एका तोडीवाल्या दादांचा, 70 सीसीचा, 24 इंची पट्टीचा. पावसाळा सोडला तर दादा रोज लाकडात.

दादांनी बुंधा घेतला, मी फांद्या. तासाभरात माझी मशीन रडायला लागली. मी जोर लावून दाबतोय, पट्टीतून धूर येतोय, चीर वाकडी जातेय. मी मनात म्हटलं, चूक झाली, मोठीच घ्यायला हवी होती. तेवढ्यात दादा आले. मशीन बंद केली आणि पडलेला भुसा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. मैद्यासारखा बारीक. "हे बघ," म्हणाले, "मशीन दमलेली नाही. चेन बोथट झाली आहे."

खिशातून गोल कानस काढली आणि ते तिथेच ओंडक्यावर बसले. एका दाताला तीन हात, सगळे पुढच्या दिशेने, परत आणताना कानस उचलून. एक दात सोडून एक, मग दुसऱ्या बाजूचे. पंधरा मिनिटं गेली असतील. मशीन पुन्हा लावली आणि खवलेल्या खोबऱ्यासारखा भुसा उडायला लागला. दाबावंच लागेना, पट्टी आपल्या वजनाने लाकडात उतरत होती. तीच मशीन, तेच इंजिन.

ही खूण लक्षात ठेवा, पुन्हा सांगतो. भुसा मैद्यासारखा पडला तर चेन बोथट. खोबऱ्याच्या किसासारखा पडला तर चेन धारदार. किनाऱ्याकडच्या नारळाच्या सालीत वाळू असते, तिथे चेन फार लवकर जाते. मी तर पुढे पेट्रोल भरलं की कानस फिरवायचो.

शेवटी बुंधा राहिला. मुळांचा गड्डा मातीसकट उभा उचकटलेला, खाली कमरेएवढा खड्डा, आणि त्यात काकींचा नातू उतरून मुळं बघत होता. दादांनी कटर खाली ठेवला, स्वतः जाऊन पोराला काखेत धरून बाहेर काढलं आणि काकींच्या हातात दिलं. मग बुंधा कापला. चीर पूर्ण झाली तसा बुंध्याचा भार सुटला आणि तो अख्खा गड्डा दाणकन मागे, खड्ड्यात जाऊन बसला. मघाशी पोरगा उभा होता तिथे. काकी मटकन खाली बसल्या. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

तुमच्याकडे उन्मळून पडलेलं झाड असेल तर त्या खड्ड्याकडे कोणाला फिरकू देऊ नका. कटर कुठलाही असो.

माझ्या मधल्या कटरने पुढे अकरा दिवस काम केलं. पण त्या तीन फुटी बुंध्याला तो लावला असता तर संध्याकाळ झाली असती, हेही खरं. आणि त्याच वर्षी आमच्या एका नातेवाइकांनी तसाच मधला कटर दिवसभराच्या तोडीवर भाड्याने दिला. एका हंगामात पिस्टन चिकटला. मधल्या मशीनमध्ये बहुधा इंजिन प्लॅस्टिकच्या सांगाड्यात बसवलेलं असतं, उघडून दुरुस्त करायचं तर खर्च नव्याच्या जवळ जातो. धंद्याच्या मशीनचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं कवच, मॅग्नेशियमचा, भाग सुटे होतात, तोच कटर पुन्हा उभा राहतो. दादांच्या मशीनला दोनदा रिंगा बदलल्या, ती अजून चालतेय. जवळजवळ दुप्पट पैसे आपण देतो ते यासाठी. नुसत्या सीसीवर जाऊ नका, 50 सीसीचे धंद्याचे कटरही असतात आणि 58 सीसी लिहिलेले अगदी हलक्या दर्जाचे मालही बाजारात भरपूर आहेत.

वजनाचाही विचार करा. मधला साडेचार-पाच किलो, मोठा सहा-सात, पट्टी आणि चेन वेगळी. जुन्या हापूसची छाटणी करायची तर कटर वर फांदीवर नेऊन धरायचा असतो. तिथे हलकी मशीनच बरी, आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, त्याच दिवशी.

जाता जाता फणसाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्यात आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण मला कायद्यापेक्षा या गोष्टीचं वाईट वाटतं की आपल्या आजोबांनी ज्या लाकडाचे खांब आणि दारं केली, ते पिवळंधमक लाकूड आपण सरपणाच्या भावाने देतो. काकींनी दिलं नाही. गोठ्याचं नवं दार त्याच फणसाचं आहे.

आता पेट्रोलचं. त्यात मिसळायचं टू-टी ऑइल चांगलं असेल तर लिटरला 20 मिली, साधं असेल तर 40, आणि मशीनच्या पुस्तकात काय दिलंय ते बघूनच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, ते पाणी ओढतं. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. नाहीतर पावसाळ्यानंतर दोरी ओढून खांदा दुखेल, मशीन लागणार नाही. पट्टीच्या टोकाच्या वरच्या बाजूने लाकडाला टेकू नका, कटर उसळून तोंडावर येतो. आणि चपला घालून कापू नका. ही आपल्याकडची सवय बघून माझ्या पोटात गोळा येतो.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरी बसून दिवस मोजा. वर्षातून किती दिवस? मधला घ्या किंवा मोठा घ्या, पण सोबत एक जादा चेन आणि चेनच्या मापाची गोल कानस तिथेच मागून घ्या. दुकानदाराला सांगा, धार कशी लावायची ते माझ्या हाताने करून घ्या. तो घाईत असेल तर थांबा, गिऱ्हाईक संपू द्या. नमस्कार.