नोटेशन तुम्ही उतरवलंत, पण चाल कुणाची?

नमस्कार मंडळी. पुन्हा तोच विषय, कारण कॉमेंट काही थांबत नाहीत. कुठलंही गाणं वाजवलं की खाली लगेच, "ताई, नोटेशनची, म्हणजे लिहिलेल्या स्वरांची, पीडीएफ द्या ना." नाही म्हटलं की राग. एकांनी तर सुनावलंय, "ज्ञान वाटल्यानं वाढतं." वाढतं हो! इथे बसून पेटीवर एकेक जागा फोड करून दाखवते, ते काय करते मग?

सोपं ते आधी उरकते. जुन्या बंदिशी हव्यात? संगीतशास्त्री भातखंड्यांची क्रमिक पुस्तकमालिका घ्या. ते 1936 मध्ये गेले, मूळ मजकुराचे हक्क केव्हाच संपले. नव्या आवृत्तीत कुणी स्वतःच्या ताना घातल्या असतील, तर तेवढ्या मात्र त्याच्या. बाख, मोझार्ट वाजवणाऱ्यांना आयएमएसएलपी आहे, हक्क संपलेल्या नोटेशनची ऑनलाइन लायब्ररी. साइट कॅनडातली, तेव्हा हक्काची भारतातली मुदत स्वतः मोजायची. पाश्चात्य पद्धतीनं पाच रेघांवर लिहायला म्यूझस्कोर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. झालं.

आता माझं दुखणं. "मी कान लावून, स्वतः बसून नोटेशन उतरवलं, म्हणजे ते माझं." नाही! मेहनत तुमची, चाल तुमची नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची व्याख्या करतानाच तिचं लिहिलेलं रूप त्यात धरलंय. सारेगममध्ये लिहा नाहीतर पाच रेघांवर, चाल ज्याची त्याचीच राहते. रियाजासाठी वहीत उतरवा, खुशाल उतरवा. तेच टाइप करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर 99 रुपयांना विकायला काढलंत, की परवानगीचा प्रश्न आला.

"पण ताई, मी खाली संगीतकाराचं नाव दिलंय." छान केलंत. शेजाऱ्याच्या स्कूटरवर त्याचं नाव रंगवलं म्हणून ती गावभर फिरवायची का? आणि ते "कॉपीराइट भंग करण्याचा हेतू नाही" असं लिहिणारे! अरे बाबांनो, हेतू कुणी विचारला?

तरी पटत नसेल तर तांब्यांचं उदाहरण घ्या. भा. रा. तांबे, ग्वाल्हेरचे राजकवी, 1941 मध्ये गेले. कवीच्या मृत्यूनंतर पुढच्या जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची, म्हणजे 2001 संपलं तेव्हा त्यांचे शब्द मोकळे झाले. गंमत म्हणजे ही मुदत आधी पन्नास वर्षांचीच होती. रवींद्रनाथही 1941 मध्येच गेले, त्यांचे हक्क संपायला आले म्हणून ती साठ झाली, आणि आपल्या तांब्यांना तीच वाढ आपसूक मिळाली. असो. तर आज तांब्यांची कविता घेऊन तुम्ही स्वतःची चाल लावलीत, तर ती छापा, विका, कुणाला विचारायला नको. पण रेडिओवर आपण सगळ्यांनी ऐकलेल्या ज्या चाली आहेत, त्या नंतरच्या संगीतकारांच्या. शब्द मोकळे, चाल नाही. एकाच गाण्याची दोन वेगळी घड्याळं चालतात, आणि रेकॉर्डिंगचं तिसरं. पीडीएफ मागताना कुठलं घड्याळ बघितलंत, ते सांगा मला.

आता तुमची स्वतःची चाल असेल तर. नोंदणी सक्तीची नाही, हक्क चाल बांधल्यापासूनच असतो. पण ऑनलाइन अर्ज करता येतो, 500 रुपये फी. मी तर म्हणते, करून टाका. एका गायनवर्गानं माझी चाल त्यांच्या पुस्तकात "पारंपरिक" म्हणून छापली होती. अहो, पारंपरिक कसली, मी अजून जिवंत आहे! आणि प्रकाशकाला हक्क देताना सगळं लेखी, सहीनिशी. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. "आपल्यात कसला कागद" म्हणणाऱ्याला आधी कागदच पुढे करा.

टाइप करताना एक जपा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मच्या डोक्यावर उभी. वर्ड फाइल तशीच पाठवली की समोरच्याच्या मोबाइलवर फॉन्ट बदलतो आणि रेघा गायब. मला एक भैरवी आली होती अशी. रे, ग, ध, नी, सगळ्यांच्या रेघा उडालेल्या. सरळ बिलावल, सगळे स्वर शुद्ध! पाठवणाऱ्या काकांना अजून पत्ता नाही. म्हणून फॉन्टसकट पीडीएफ करायची, आणि ती आधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघायची. आमच्या ज्या वडोदऱ्यात गायक मौलाबक्षांनी 1886 मध्ये गायनशाळा काढून स्वतःची स्वरलिपी शिकवली, तिथे भैरवीचं असं व्हावं?

शेवटचं, नवरात्र तोंडावर आहे म्हणून. जुना गुजराती कवी वल्लभ मेवाडा, त्याचे गरबे अडीचशे वर्षांहून जुने, शब्दांचा प्रश्नच नाही. चाल फिल्मी असेल तर आहे. लग्नाच्या वरातीत वाजवायला कायद्यात सूट आहे, पण पार्टी प्लॉटवर, म्हणजे समारंभाच्या भाड्याच्या मैदानावर, पास विकून गरबा होणार असेल, तर आयोजकांनी आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा, परवाना घेतलाय का, हे सुपारी घेण्याआधीच विचारा. स्टेजवर चढल्यावर नको.